जुनी बोट पळत नाही म्हणून लगेच इंजिन बदलायला जाऊ नका

आपल्याकडे बोट पळेनाशी झाली की पहिला आळ इंजिनावर येतो. देवबाग, तारकर्ली, मालवण, या सगळ्या पट्ट्यात कुणालाही विचारा, "पूर्वीसारखी पळत नाही" म्हटलं की समोरचा पुढचं ऐकूनसुद्धा घेत नाही, इंजिन थकलं, नवीन टाक, झालं. आणि नवीन चाळीस हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन, हा काही लाखांचा मामला, सीझन सप्टेंबर ते मे, त्यातही खरा धंदा दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी एवढाच, बाकी दिवस हप्ते फेडायचे. माझ्या डोळ्यादेखत लोकांनी असं नवीन इंजिन घेतलंय आणि बोट तरीही म्हणावी तशी पळाली नाही, कारण दुखणं इंजिनात नव्हतंच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, जरा लांबेल पण ज्यांची बोट जुनी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

आमच्या काकांची बोट, १८ फुटी फायबरची, मागे टू-स्ट्रोक ४० हॉर्सपॉवर. बोट बांधून पंधरा वर्षांच्या वर झाली. सकाळी डॉल्फिन दाखवायला, दुपारी कर्ली खाडीतून फिरवायला, आणि मध्येच कुणी गळाने मासे पकडायला येणारी मंडळी आली तर निवतीच्या बाजूला. गेल्या सीझनला काकांचं एकच चालू होतं, "ह्या इंजिनाचा आता काय खरा नाय गो, नवीनच घेवक व्हया." मी मेकॅनिकल केलंय, लहानपणापासून या बोटीत आहे, त्यामुळे मी म्हटलं काका, घ्यायचंच असेल तर घेऊ, पण आधी मला बघू दे नक्की काय हरवलंय ते.

हरवलंय म्हणजे किती हरवलंय, इथूनच सुरुवात करायची. "कमी पळते" हे माप नाही. आणि इथे आमचं नशीब चांगलं, कारण ज्या मेस्त्रीने हे इंजिन बसवलं होतं त्याने इंजिनाच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तीन आकडे लिहून ठेवले होते, २५ नॉट, ५२००, १३. म्हणजे दोन माणसं, अर्धी टाकी पेट्रोल, फुल थ्रॉटलला २५ नॉट म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर, इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, ५२००, आणि पंख्याचं, म्हणजे पाण्यातल्या प्रॉपेलरचं, पिच १३ इंच (पिच म्हणजे काय ते पुढे सांगते). मीठ आणि ग्रीस बसून ते अर्धंमुर्धं पुसलं गेलेलं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे वाचता आलं. तुमच्याकडे असं काही नसेल तर बोट ज्याने बांधली त्याला विचारा, जुने व्हिडिओ बघा, कुणाच्या तरी फोनमध्ये जीपीएसचा स्क्रीनशॉट सापडतो. आणि बोट नवीन असेल, चांगली पळत असेल, तर हे आकडे आजच घेऊन ठेवा.

आता मोजायचं कसं. स्पीड फोनच्या जीपीएसवर, बोटीच्या जुन्या स्पीडोमीटरवर अजिबात नाही, कारण बऱ्याच जुन्या बोटींचा स्पीडोमीटर पाण्याच्या दाबावर चालतो, खाली एक बारीक भोक असतं त्यात गाळ किंवा शेवाळ बसलं की काटा खाली दाखवतो आणि माणूस उगाच इंजिन उघडून बसतो. पण जीपीएस मोजतो जमिनीच्या हिशोबाने, आणि कर्लीच्या मुखाशी पाणी स्वतःच पळत असतं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला तिथे काय ओढ असते ते देवबागवाल्यांना सांगायला नको. म्हणून भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते ते, दिवस बघायचे, सकाळचं वारा सुटायच्या आधीचं पाणी, आणि त्याच रेषेत एकदा जाताना, एकदा येताना स्पीड घ्यायचा आणि सरासरी काढायची. माणसं तेवढीच, पेट्रोल तेवढंच. जानेवारीचा आकडा आणि मे महिन्याचा आकडा शेजारी ठेवतानाही जरा दमाने, कारण हवा दहा अंशांनी गरम झाली की तीन टक्क्यांच्या आसपास पातळ होते, इंजिनाला तेवढा श्वास कमी मिळतो, मे महिन्यात बोट किंचित मंद वाटते त्यात रोग काही नाही.

आरपीएमसाठी स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर मिळतो, फार महाग नाही, कन्सोलवरचा जुना काटा बघू नका. फक्त तुमच्या इंजिनाला तो एका फेरीत किती स्पार्क धरतो ते सेटिंग नीट करा, नाहीतर दुप्पट किंवा निम्मा आकडा दाखवेल.

आम्हाला मिळालं हे: ४६००, आणि ताशी ३७ किलोमीटर, म्हणजे २० नॉट. काका लगेच म्हणाले बघ, सहाशे आरपीएम गेले, इंजिनच ना ते. बघायला गेलं तर बरोबर वाटतं. पण या दोन आकड्यांमध्ये आणखी एक तिसरा आकडा लपलेला असतो आणि माझ्या मते अख्ख्या तपासणीतला तोच सगळ्यात महत्त्वाचा, त्याला स्लिप म्हणतात.

पंख्याचं पिच १३ इंच म्हणजे काय, तर पंखा एकदा फिरला की तो हिशोबाने १३ इंच पुढे सरकायला पाहिजे, लाकडात स्क्रू जातो तसा. पाणी लाकडासारखं घट्ट नाही, त्यामुळे थोडं निसटतंच, हे निसटणं म्हणजे स्लिप. हिशोब सोपा आहे, इंजिनाचे आरपीएम भागिले गिअर रेशो, गुणिले पिच इंचात, गुणिले ०.००१५२४, की ताशी किलोमीटरमध्ये हिशोबाचा स्पीड आला. गिअर रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या लागतात ते, आमच्या इंजिनाचा १.८५, मॅन्युअलमध्ये असतो. तर नवीन असताना ५२०० आरपीएमला हिशोबाचा स्पीड ५५.७, खरा ४६, म्हणजे स्लिप १७ टक्के. अशा हलक्या पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के स्लिप म्हणजे तब्येत चांगली. आता ४६०० ला हिशोबाचा ४९.३ आणि खरा ३७, म्हणजे स्लिप २५ टक्के.

बघा काय झालं ते. समजा फक्त इंजिन थकलं असतं आणि बाकी सगळं जसंच्या तसं असतं, तर आरपीएम ४६०० वर आले असते पण स्लिप साधारण तेवढीच, सतराच्या आसपासच राहिली असती, आणि बोट ४१ ने पळाली असती. आमची ३७ ने पळतेय. हे मधले चार किलोमीटर इंजिनाच्या खात्यात बसतच नाहीत, ते पाण्याच्या खात्यातले आहेत. म्हणजे एक तर बोट जड झालीय, किंवा खालून खरखरीत झालीय, किंवा पंख्याची पकड गेलीय. आणि बोट जड किंवा खरखरीत झाली की इंजिनावर लोड येऊन आरपीएम आपोआप खाली येतात, त्यामुळे ते सहाशे आरपीएमसुद्धा इंजिनाचेच गेलेत असं म्हणता येत नाही. उलट तुमचे आरपीएम पूर्वीएवढे किंवा पूर्वीपेक्षा जास्त असतील आणि बोट पुढे जात नसेल, तर सरळ पंख्याकडे जा, इंजिनाला हातसुद्धा लावू नका.

तरी इंजिन बघून घेतलं, कारण काकांच्या मनातला संशय फिटायला हवा होता आणि संशय आकड्यानेच फिटतो. सगळ्यात आधी फुकटातली गोष्ट. इंजिन बंद ठेवून एकाने कन्सोलवरची दांडी पूर्ण पुढे ढकलायची आणि दुसऱ्याने कव्हर काढून बघायचं की कार्ब्युरेटरचं बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, खरंच पूर्ण उघडतंय का. खाऱ्या हवेत केबल आतून गंजते, फुगते, दांडी पूर्ण पुढे आणि थ्रॉटल पाऊणच उघडा, असं होतं. तारकर्लीच्या एका ओळखीच्यांकडे एवढंच निघालं, केबल बदलली, विषय संपला. आमची केबल ठीक होती.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. खाडीकाठच्या दमट हवेत टाकी अर्धी रिकामी ठेवून पावसाळाभर बोट उभी राहिली की तळाला पाणी बसलेलं सापडतं. पेट्रोलचे जुने रबरी होज, म्हणजे नळ्या, आतून सुटतात आणि त्याचे बारीक तुकडे फिल्टरमध्ये. याची एक टेस्ट मला फार आवडते कारण त्याला काहीच हत्यार लागत नाही. फुल थ्रॉटलला बोट पळत असताना दुसऱ्या माणसाने होजमधला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा हातात धरायचा. फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल यायला अडथळा आहे, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिलाय किंवा आतली जाळी तुंबलीय. फुगा नुसता मऊ पडलाय आणि दाबत राहिल्यावर आरपीएम वर चढतायत, तर कुठेतरी हवा ओढतोय किंवा इंजिनाच्या पेट्रोल पंपाचा पडदा गेलाय. दाबून काहीच फरक नाही आणि फुगा भरलेला, तर पेट्रोल मिळतंय, पुढे चला. आमचं हेच झालं.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, घेताना इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि प्लगच्या वायरी नीट अर्थ करून. इथे प्रत्येक सिलिंडरचा आकडा किती यापेक्षा आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघायचं, दहा टक्क्यांच्या आत पाहिजेत. आमचे ११८, ११५, ११७. पंधरा वर्षं खाऱ्या पाण्यात काढलेल्या इंजिनाला आणखी काय पाहिजे! तिन्ही प्लगना स्पार्क सणसणीत, तिन्हींचा रंग सारखा तपकिरी. एक सिलिंडर मेलेला असता तर आयडलला कदाचित कळलं नसतं पण फुल थ्रॉटलला बोट पाण्यावर चढलीच नसती. काकांना तिथेच सांगितलं, इंजिन सोडा. "मगे बोटीक काय झाला?" हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा विचारला गेला.

पंखा बघताना फक्त वाकलाय का एवढंच बघू नका. खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा दरवर्षी जागा बदलतो आणि ॲल्युमिनियमच्या पंख्याच्या पात्यांची टोकं वाळूने हळूहळू घासत जातात, व्यास कमी होतो, कडा जाड आणि बोथट होते. नवीन पंखा शेजारी धरल्याशिवाय ते लक्षात येत नाही. आणि एक आतली गोष्ट, पंख्याच्या मध्यभागी रबराचा हब दाबून बसवलेला असतो, दगडाला पंखा लागला तर गिअर वाचावेत म्हणून. तो हब जुना झाला की सुटतो, स्लो स्पीडला बरोबर धरतो आणि जोर दिला की आतल्या आत फिरतो, इंजिन ओरडतं आणि बोट तिथेच. तपासायला सोपं, पंख्याच्या मागून आतल्या धातूपासून रबरावरून बाहेरच्या भागापर्यंत पेंटने एक सरळ रेघ मारायची, सुकू द्यायची, बोट जोरात पळवून आणायची आणि रेघ बघायची. तुटली असेल तर हब फिरतोय. आमची रेघ जशीच्या तशी होती. कडा थोड्या घासलेल्या, त्या कानशीने नीट करून घेतल्या, पण त्यातून आठ टक्के स्लिप येईल असं मला वाटत नव्हतं.

आणि मग बोट किनाऱ्यावर ओढली.

वरून बोट कायम धुतलेली, चकचकीत, पर्यटक बसणार म्हणून काका रोज पुसतात. खालून मात्र मागच्या दोन-अडीच फुटांत, नेमकं जिथे बोट जोरात पळताना पाण्याला टेकते तिथेच, बार्नकलचा थर, ते पांढरे टोकदार खवले जे पायाला लागले तर कापून काढतात. खाडीत बोट नांगरून ठेवली की शांत पाण्यात ते फार लवकर धरतात. आणि त्याच्याखाली रंगाचे थर, दरवर्षी जुना रंग न खरवडता नवीन मारलेला, पोपडे उडून खड्डे पडलेले. एक दिवस प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आणि पाण्याच्या प्रेशरने खरवडण्यात गेला, इंजिनाच्या पायावरचे आणि पंख्याच्या पात्यांवरचेसुद्धा काढले. पात्यावर चार-पाच खवले असले तरी पुष्कळ फरक पडतो, कारण पातं पाणी कापण्याऐवजी फेसाळतं.

खरवडल्यावर परत तोच रस्ता, तेच पाणी बघून. ४८०० आणि ताशी ४०. स्लिप २२ टक्के. म्हणजे आलं, पण थोडंच आलं.

आता जुन्या बोटीतल्या दोन गोष्टी ज्या कुणी सहसा बघत नाही. एक म्हणजे ट्रान्सम, मागची जाड फळी जिथे इंजिन लटकतं. फायबरच्या आत प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकांतून पाणी जाऊन ते कुजतं, मग जोर लावला की इंजिन मागे झुकतं आणि ट्रिम, म्हणजे बोटीचा पुढे-मागे कल, बिघडतो. इंजिन अर्धं वर करून त्याच्या पायाला धरून वरखाली हलवा आणि डोळा ट्रान्समवर ठेवा, फळी हलता कामा नये. दुसरी म्हणजे तळाचा बाक. बोट वर्षानुवर्षं चुकीच्या जागी ओंडके लावून ठेवली की मागचा तळ आत दबतो. गवंड्याची ॲल्युमिनियमची पट्टी आणून मागच्या पाच फुटांवर बोटीच्या लांबीच्या दिशेने लावा, मध्ये फट दिसली की समजा तळ आत गेलाय, थोडे मिलिमीटर असले तरी पळताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबली जाते आणि अख्खी बोट पाण्याला चिकटून चालते. आमच्या बोटीत दोन्ही ठीक. पंख्याच्या वरची प्लेटसुद्धा तळाच्या रेषेतच होती, म्हणजे इंजिनाची उंचीही बरोबर.

राहिलं वजन.

बोट शांत पाण्यात उभी असताना मी मागून बघत होते आणि रंगाची जुनी पट्टी, जी पाण्याच्या वर दिसायला पाहिजे, ती मागच्या बाजूला पाण्याखाली होती. सरासरी धरली तर साधारण ३ सेंटीमीटर बोट जास्त बुडत होती. ऐकायला काहीच नाही, तीन सेंटीमीटर. पण १८ फुटी बोटीचा पाण्यावरचा पसारा धरा साडेसहा चौरस मीटर, गुणिले तीन सेंटीमीटर, म्हणजे जवळपास दोनशे लिटर पाणी बाजूला सारलं जातंय, म्हणजेच बोट दोनशे किलोने जड झालीय. तीन धडधाकट माणसं कायमची बोटीत बसवून ठेवल्यावर जेवढं होईल तेवढं. काकांचा आधी विश्वास बसेना. बोटीतलं सामान काढलं, जादा नांगर, साखळी, जुनी बॅटरी, दोऱ्या, ते सगळं मिळून तीसेक किलो भरलं. बाकीचं कुठे?

मेअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद होतात तेव्हा बोट तशीही वर घ्यायची होती, म्हणून इंजिन उतरवून बोट ट्रेलरवर चढवली आणि सरळ चिऱ्यांच्या ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर नेली. आधी ट्रेलरसकट, मग रिकामा ट्रेलर. काट्यावरचा माणूस म्हणाला आजपर्यंत काट्यावर बोट आली नव्हती. फक्त बोट भरली ६२५ किलो. बांधणाऱ्याने दिलेल्या जुन्या कागदावर ४४०. मोठे काटे दहा-वीस किलो इकडेतिकडे करतात हे धरलं तरी दीडशेच्या वर वजन बोटीच्या आत कुठेतरी होतं आणि दिसत नव्हतं.

ते होतं फ्लोअरच्या खाली, फोममध्ये. बोट उलटली किंवा पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून फ्लोअरच्या खालच्या पोकळीत फोम भरतात. तो फोम पाणी पीत नाही असंच सगळे सांगतात, आणि नवीन असताना ते बऱ्यापैकी खरंही असतं. पण वर्षानुवर्षं लाटांवर आपटून, उन्हाने तापून त्याच्या आतले बारीक बुडबुडे फुटतात आणि पाण्यात सतत उभा राहिला की तो भरत जातो. आम्ही मागच्या सीटच्या खाली दोन इंची होल सॉने भोक पाडलं. फायबरची चकती निघाली, आणि तिच्या मागून भोकातून पाणी वर आलं, आपोआप, काही न दाबता. बोटाने फोम ओढून काढला तर तपकिरी, आंबूस वासाचा, मुठीत दाबला की कोपरापर्यंत पाण्याचा ओघळ. पुढच्या बाजूला भोक पाडलं तिथे कोरडा, पिवळसर, खटखटीत. मागचा अर्धा भाग पूर्ण गेलेला. म्हणूनच बोट मागून बुडत होती.

पाणी गेलं कुठून तेही सापडलं, आणि हे मला नीट लिहायचंय कारण हे सगळ्यांच्या बोटीत आहे. पर्यटकांसाठी सीट वाढवताना फ्लोअरमध्ये स्क्रू मारले गेले, सिलंट न लावता. प्रत्येक स्क्रूच्या भोवती काळा डाग. आणि फ्लोअरच्या खालून पाणी मागे वाहून जावं म्हणून जी छोटी भोकं ठेवलेली असतात ती वाळू आणि जुन्या रेझिनने (फायबर बसवायच्या चिकट द्रवाने) बुजलेली, म्हणजे आत गेलेलं पाणी आतच. ओला फोम उन्हात ठेवून सुकत नाही, कितीही दिवस ठेवा, तो कापूनच काढावा लागतो. मेच्या शेवटी फ्लोअर कापला, फावड्याने आणि हाताने फोम काढला, गोण्याच्या गोण्या निघाल्या, दोघांना मिळून एक गोण उचलत होती. नंतर बोट पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये, आत हवेचा पंखा लावून सुकायला ठेवली. पावसात रेझिनचं काम करू नका, दमट हवेत आणि ओलसर फायबरवर ते नीट पकडत नाही, वरून चिकट राहतं. आम्ही सप्टेंबरात उघडीप बघून फ्लोअर बंद केला.

इथे एक विनंती, अगदी मनापासून. फोम काढल्यावर बरेच जण म्हणतात, कशाला परत भरायचा, तेवढंच वजन कमी, बोट आणखी पळेल. असं अजिबात करू नका. तो फोम स्पीडसाठी नाहीच, ज्या दिवशी लाट आत येऊन बोट भरेल त्या दिवशी बोटीला धरून तरंगणाऱ्या माणसांसाठी आहे, आणि आपल्या बोटीत पोहता न येणारी माणसं, लहान मुलं बसतात. आम्ही कोरडा नवीन फोम भरला, जेवढा निघाला तेवढाच, पाणी वाहायची भोकं मोकळी केली, मागे एक तपासणीचं झाकण बसवलं आणि सीटचा प्रत्येक स्क्रू सिलंट लावून परत मारला.

ऑक्टोबरात समुद्र बसल्यावर भांगाच्या दिवशी, दोन माणसं, अर्धी टाकी: ५१०० आणि ताशी ४४. स्लिप १९ टक्के. इंजिनाला नवीन प्लग सोडून काही लावलं नाही. वजनाचा हिशोबही जुळतो, पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीचा स्पीड साधारणपणे वजनाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलतो. म्हणजे सगळं मिळून ७०० किलोवर ४६ ने पळणारी बोट ९०० किलोवर ४०-४१ ने पळणार. आमच्याकडे तळ खरवडल्यावर नेमके ४० आले होते. उरलेले दोन किलोमीटर घासलेल्या पंख्याचे आणि जुन्या खडबडीत तळाचे आहेत असं माझं मत, त्यासाठी आत्ता पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

काकांचा आता नवीन प्रश्न आहे, कुणीतरी सांगितलंय ११ पिचचा पंखा टाका, आणखी पळेल. पिच एक इंच कमी केलं की आरपीएम साधारण दीडशे-दोनशेने वाढतात, हे खरं. पण दोन माणसांत आमचे आरपीएम आता ५१०० आहेत आणि मॅन्युअलप्रमाणे या इंजिनाची फुल थ्रॉटलची मर्यादा ४५०० ते ५५००, म्हणजे ११ टाकला तर रिकाम्या बोटीत इंजिन मर्यादेच्या काठावर जाऊन फिरणार आणि टॉप स्पीड वाढायच्या ऐवजी कमीच होणार. गेल्या सीझनला, बोट पाण्याने जड झालेली असताना हाच ११ चा पंखा लावला असता तर आरपीएम सुधारले असते, बोट बरी वाटली असती, आणि आतला फोम तसाच कुजत राहिला असता. तरी भरलेल्या बोटीत, सगळे पॅसेंजर घेऊन, आरपीएम ४५०० च्या खाली जात असतील तर १२ चा विचार करण्यासारखा आहे, कारण काकांचा धंदा भरलेल्या बोटीवर आहे, रिकाम्या बोटीच्या टॉप स्पीडवर नाही. दिवाळीची गर्दी सुरू झाली की भरल्या बोटीतले आकडे घेऊ, मग ठरवू.